कुरवंड्याची नदी आणि देशाचा नकाशा



स्पर्धा परीक्षांच्या या काळात घरोघरची मुले राज्ये आणि राजधान्या अस्खलित म्हणून दाखवतात. कोहिमा, ऐजॉल, इटानगर ही नावे त्यांच्या ओठांवर असतात. पालकांना त्याचे कौतुक वाटते आणि ते योग्यच आहे. पाठांतराला नावे ठेवण्याची हल्लीची रीत काही शहाणपणाची नव्हे. परंतु त्याच मुलाला विचारावे, 'इंद्रायणीचे पाणी कोणत्या समुद्राला मिळते?' मावळातील मूलदेखील बहुधा अरबी समुद्राचेच नाव घेईल. तो समुद्र जवळ, म्हणून पाणीही तिकडेच, असा त्याचा सरळ हिशेब असतो.

इंद्रायणी उगम पावते लोणावळ्याजवळ, कुरवंडे परिसरात. तेथून नागफणीच्या कड्यावर गेले की पायथ्याशी कोकण पसरलेले दिसते. तरीही ही नदी कोकणाकडे पाठ फिरवून पूर्वेकडे निघते. थोडे उत्तरेला, राजमाचीच्या दरीत उगम पावणारी उल्हास नदी मात्र कर्जत, कल्याण करीत वसईच्या खाडीला मिळते. एकाच डोंगरावर, एकाच सरीतून पडलेल्या पाण्याच्या वाटा अशा दोन दिशांना फुटतात. 'जलविभाजक' हा पुस्तकातला कठीण शब्द मावळच्या मुलाला घराबाहेर उभे राहून शिकता येतो.

मनुष्याने ही विभागणीही ओलांडली आहे. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी टाटांनी घाटाखाली खोपोलीला उतरवले आणि १९१५ साली तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. ते पाणी पुढे पाताळगंगेतून अरबी समुद्राला जाते. पूर्वेचे पाणी पश्चिमेला वळल्यामुळे हा विषय कृष्णा पाणीवाटप लवादापुढेही आला. लोणावळ्याच्या पावसाशी कर्नाटक आणि आंध्रच्या शेतकऱ्याचा संबंध काय, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला राज्यांची यादी पाठ असूनही वृत्तपत्रातला पाणीतंटा कळणार नाही.

इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेत मिसळते. भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते. देहू-आळंदीहून आषाढीला पालख्या जेथे पायी जातात, तेथे त्या गावांची नदीही आपल्या वाटेने पोहोचलेली असते! पुढे भीमा विजयपूर, कलबुर्गी या जिल्ह्यांतून वाहत रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा तेलंगण व आंध्र प्रदेशातून बंगालच्या उपसागराला जाते. कुरवंड्याचे पाणी असे चार राज्यांतून जाते. स्नानाच्या वेळी ज्या सात नद्यांचे स्मरण करण्याची आपल्याकडे परंपरा आहे, त्यांत कृष्णा नाही. परंतु नदीच्या नावाने देश ध्यानात ठेवण्याची रीत तीच आहे.

ही दृष्टी मावळाला नवी नाही. पवन मावळ, आंदर मावळ ही नावेच मुळी नद्यांवरून पडली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखात दाता म्हणून वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचे नाव आहे. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी. आपले हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे त्यात म्हटले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा तो व्यापारी आपल्या कामाची तुलना साऱ्या जंबुद्वीपाशी करीत होता. आणि कार्ल्याला सहलीला आलेली आजची कुटुंबे छायाचित्रे काढून, चिक्की घेऊन परततात.

घरातील भिंतीवरचा नकाशाही एकदा तपासावा. २०१४ पूर्वीचा असेल, तर त्यात तेलंगण सापडणार नाही. २०१९ पूर्वीचा असेल, तर त्यात लडाख वेगळा दिसणार नाही. सध्या राज्ये २८ आणि केंद्रशासित प्रदेश ८ आहेत. नवा नकाशा आणावा आणि मुलाला कुरवंड्यापासून बोट ठेवून नदीच्या वाटेने न्यावे. सीमा ओलांडली की त्या राज्याची राजधानी त्यानेच सांगावी. बेंगळुरू या वाटेवर येत नाही, ते फार दक्षिणेला राहते. हैदराबादही वाटेवर नाही, पण तेथील मुसी नदी पुढे कृष्णेलाच येऊन मिळते. आंध्रात मात्र बोट थेट राजधानीपाशी पोहोचते, कारण अमरावती कृष्णेच्याच काठी आहे. तेथे मूल हमखास थबकेल आणि म्हणेल, 'अमरावती तर विदर्भात आहे ना?' तेव्हा दोन्ही अमरावती नकाशावर दाखवाव्यात.