तो कोपरा नव्हता, कॉलम होता

आज मधूनमधून घरघर ऐकू आली तर हेडफोन काढून तपासू नका, ती माझ्या बाजूची आहे. समोरच्या बिल्डिंगमध्ये सकाळपासून ब्रेकर मशीन चालू आहे. विठ्ठलवाडीत दिवाळी जवळ आली की घरोघरी एकच गाणं वाजतं, ब्रेकरचं. म्हटलं, नाहीतरी आवाज येतोच आहे, आज त्याच्यावरच बोलू.

आमचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. तळ अधिक चार मजले, नव्वदच्या दशकातली बिल्डिंग, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. यंदा ठरलं की घराचं काम काढायचं. आईला ओपन किचन हवं होतं (रील्स बघून, दुसरं काय), बाबांना बाथरूमची गळती थांबवायची होती आणि मला कॉलवर बसायला एक बरा कोपरा हवा होता.

ऑफिसच्या मित्राने एका ठेकेदाराचा नंबर दिला. माणूस गोड बोलणारा. दहा मिनिटांत घर फिरला, दोन ठिकाणी भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, "ही भिंत उडवू, हा कोपरा थोडा छाटू, हॉल एकदम मोठा दिसेल. जुनी फरशी काढायची गरज नाही, वरूनच नवीन टाकू. दीड लाखात करून देतो." बाबांनी विचारलं, "तुमच्यासोबत कोणी इंजिनिअर असतो का? लायसन्सवाला?" तो हसला. "काका, वीस वर्षं हेच करतोय. लायसन्स घेऊन काय भिंतीला टांगायचंय?"

खरं सांगतो, मी त्याच्या बाजूने होतो. दुसऱ्यांचे आकडे दोन लाखांच्या वर होते आणि माझा ईएमआय आधीच चालू आहे. तो गेल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "चिकणीपाडा विसरलास?"

तुमच्यापैकी कल्याण पूर्वेचे जे आहेत त्यांना नुसतं नाव पुरेल. बाकीच्यांसाठी सांगतो. २० मे २०२५, मंगळवार, दुपारची वेळ. चिकणीपाड्यातली सप्तशृंगी इमारत, चार मजली. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फरशीचं काम चालू होतं. स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब घेत थेट तळापर्यंत गेला. सहा जण गेले. त्यात एक लहान मूल होतं. काम कोणाच्या घरात होतं आणि जीव कोणाचे गेले, हे बघा. खालच्या घरांतल्या लोकांनी काही तोडायला काढलं नव्हतं. ते दुपारी आपापल्या घरात होते, बस.

त्या रात्री मी कॅल्क्युलेटर काढला. बीटेक मेकॅनिकल नाही, सिव्हिल तर नाहीच, पण गुणाकार येतो. जुन्या फरशीवर नवीन टाकायची तर खाली सिमेंट-वाळूचा थर येतो, धरा दोन इंच. एका चौरस मीटरला त्याचं वजन साधारण १०० किलो. वर टाइल, आणखी २० ते २५ किलो. म्हणजे १२५ किलो धरू. आता घरातल्या खोल्यांसाठी माणसं, कपाट, पलंग या सगळ्याचं मिळून भारतीय मानकात जे वजन धरलेलं असतं, ते चौरस मीटरला साधारण २०० किलो. त्यातलं निम्म्याहून जास्त तुम्ही एकट्या फरशीत संपवलंत. दहा बाय दहाच्या एका खोलीत हे अकराशे-बाराशे किलो होतात. आणि "फरशी काढायची गरज नाही" हे आपल्याला सूट दिल्यासारखं वाटत होतं!

डेब्रिजचा हिशोब तर याहून वाईट आहे. ४० किलोच्या ५० गोण्या एका कोपऱ्यात रचल्या, टेम्पो उद्या येणार म्हणून. दोन टन. जागा व्यापली जेमतेम तीन चौरस मीटर. म्हणजे मीटरला साडेसहाशे किलोच्या वर, आणि शेजारी ब्रेकर स्लॅबला हादरे देतोय. नवीन, धडधाकट स्लॅबसुद्धा यावर नाराज होईल. आपल्याकडचे स्लॅब तर तीस पावसाळे प्यालेले. पलीकडे उल्हासनगरमध्ये २०२१ च्या एकाच मे महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब पडून माणसं गेली, ते आठवत असेलच.

आता तो "कोपरा". तो कोपरा नव्हता, कॉलम होता. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ ला पडली, १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर आधी नर्सिंग होम होतं, तिथे नूतनीकरण चालू होतं आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. आपल्या मजल्यावरचा कॉलम हा आपल्या मालकीचा नसतो हो. वरचे सगळे त्याच्यावर उभे असतात.

मग लायसन्स म्हणजे नेमकं कोणाचं? इथे मीही गोंधळलो होतो. माझा एक सहकारी कॅलिफोर्नियात आहे. तिथे हजार डॉलरच्या वरचं काम घ्यायचं तर ठेकेदाराकडे राज्याचं लायसन्स लागतं, नंबर टाकला की वेबसाइटवर सगळं दिसतं. आपल्याकडे घरातल्या फरशी-प्लास्टरच्या ठेकेदाराला असं लायसन्स नाही. त्यामुळे कोणी "मी लायसन्सवाला काँट्रॅक्टर" म्हणाला की लगेच मान डोलवू नका, विचारा, कसलं? आपल्याकडे परवाना किंवा नोंदणी असते ती वेगळ्या माणसांची. पालिकेकडे नोंदणी असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नंबर असलेला आर्किटेक्ट, परवानाधारक प्लंबर आणि परवानाधारक विद्युत ठेकेदार. वीज मंजुरी वाढवायला गेलात की महावितरण त्याचाच टेस्ट रिपोर्ट मागतं, तेव्हा "आमचा ओळखीचा पोरगा" चालत नाही.

आणि गंमत बघा, फरशी बदलण्यासारख्या किरकोळ दुरुस्तीला पालिकेची बांधकाम परवानगी सहसा लागतच नाही. म्हणजे सरकारी माणूस तुमच्या दारात येणारच नाही. सोसायटीची परवानगी लागते, पण आमच्या सेक्रेटरी काकांनी कागद न वाचता सही केली असती, स्वभावच तसा. कोडसारखं आहे हे. रिव्ह्यू कोणी करत नसेल तर तो आपणच मागून घ्यायचा. फक्त इथे रोलबॅक नसतो.

मिस्त्री लोकांना मी नावं ठेवत नाहीये. त्यांचा हात माझ्यापेक्षा हजार पटीने चांगला आहे. पण कुठल्या भिंतीत बीम टेकलाय, स्लॅबची सळई किती गंजली आहे, हे टकटक करून कळत नाही. आणि काही झालं तर तो मजूरही त्याच स्लॅबवर उभा असतो.

शेवटी आम्ही नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावल्या. मॅडमनी आठ हजार फी घेतली. दीड तास घरात होत्या, मग खालच्या काकूंकडे जाऊन त्यांचं छत बघितलं. ते आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! काकूंच्या बाथरूमच्या छताचं प्लास्टर फुगलेलं, आत सळई लाल झालेली. गळती आमची, स्लॅब दोघांचा. मॅडमनी लिहून दिलं: किचनची भिंत साडेचार इंची विटांची आहे, भार घेत नाही, काढा. कॉलमला छिन्नीसुद्धा लावायची नाही, त्यात वायरिंगसाठी झिरीही मारायची नाही. आधी बाथरूमचा स्लॅब दुरुस्त, मग बाकीचं. जुनी फरशी छिन्नी-हातोड्याने काढायची, ब्रेकर बंद. डेब्रिज रोजच्या रोज खाली.

तो कागद मी पहिल्या ठेकेदारालाही पाठवला. म्हटलं, एवढं पाळून कराल का, बिल आणि लेखी कराराने? त्याने दोन निळ्या टिका दिल्या, उत्तर दिलं नाही. दुसऱ्याने सव्वादोन लाख सांगितले, टप्प्याटप्प्याने पैसे घ्यायला तयार झाला, दहा टक्के काम संपल्यानंतर महिन्याने. माझा कॉलचा कोपरा बजेटमधून उडाला, म्हणून तर आज किचनच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून रेकॉर्ड करतोय.

परवा काकू वर आल्या होत्या. आईला म्हणाल्या, "काम चालू झालं की सांगा हं, मी दुपारी बहिणीकडे जाऊन बसेन." आईने त्यांना इंजिनिअर मॅडमचा कागद दाखवला. काकूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि त्याचा फोटो काढून घेतला.

समोरचा ब्रेकर अजून थांबलेला नाही. रेकॉर्डिंग बंद केलं की मी आणि बाबा खाली उतरून त्यांच्या सेक्रेटरींना भेटून येतोय. चला, पुढच्या भागात भेटू.