शेजारच्या बाकावरची मैत्रीण

जून महिना आला की शाळांमधून एक वाटणी होते, बाकांची. कोण कुणाशेजारी बसणार हे मुलं पहिल्या दिवशीच ठरवून टाकतात, आणि एखाद्या वर्गात एखादी मुलगी एकटी उरते. तिच्या ओठांभोवती, बोटांच्या टोकांवर पांढरे डाग असतात. आपण त्याला कोड म्हणतो.

कोड म्हणजे काय, ते आधी सांगते. कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराचीच रोगप्रतिकारक शक्ती उलटते. त्या पेशी मरतात आणि तेवढ्या जागेचा रंग जातो. जगात शंभरात साधारण एकाला कोड असतं, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या जणांना ते विशीच्या आतच सुरू होतं, म्हणजे ऐन शाळा-कॉलेजच्या वयात. ते जंतूंमुळे होत नाही. एका बाकावर बसून, एका डब्यात जेवून, हातात हात घेऊन ते लागत नाही. महारोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. दुधावर मासे खाल्ले म्हणून कोड फुटतं, हीसुद्धा निव्वळ समजूत आहे.

मुलांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. ‘तिच्यापासून जरा लांब बस’ हे मात्र घरातून सांगून पाठवलेलं असतं. मला याचा फार राग येतो.

मी शाळेत शिकवते. एका वर्षी नवरात्रात आमच्या शाळेत भोंडला होता. गाणी झाली, खिरापत ओळखून झाली आणि मुलींनी फुगडीसाठी जोड्या धरल्या. सहावीतली, कोड असलेली एक मुलगी भिंतीला टेकून, हात पाठीमागे घेऊन उभी होती. तिच्याच वर्गातली एक धिटुकली पुढे झाली, ‘चल ना गं’ म्हणाली आणि तिचे हात ओढून घेतले. फुगडीत हात घट्टच धरावे लागतात, सैल धरले तर दोघी पडतात. दोघी गरगर फिरल्या, घामाघूम झाल्या, वेण्या सुटल्या.

दिवाळीनंतर तीच धिटुकली माझ्याकडे तक्रार घेऊन आली. ‘बाई, ही सागरगोट्यांत रडीचा डाव खेळते!’ मला मनापासून आनंद झाला. डागांबद्दल एक अक्षर नव्हतं त्या तक्रारीत. ‘बिचारी’ म्हणून कुणी तिला सूट देत नव्हतं. मैत्रिणीशी भांडावं तसं भांडण चाललं होतं.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्या माणसांना एकत्र आणते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी कोड असलेल्या तरुणीला नायिका करून ‘नितळ’ हा चित्रपट काढला. मोठ्यांना असे आधार शोधता येतात. अकरा वर्षांच्या मुलीला शोधायला तिचा वर्गच असतो.

२५ जून हा जागतिक कोड दिन. आपल्याकडे बहुतेक शाळा तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. शिक्षकांनो, त्या आठवड्यात विज्ञानाच्या तासाची दहा मिनिटं यासाठी द्या. मात्र त्या मुलीला उभं करून नका सांगू, आणि तिला व तिच्या आईवडिलांना आधी विचारा. बाकांच्या जागा दर आठवड्याला बदला, म्हणजे कुणी एकटं उरणार नाही. आणि आईबाबांनो, उद्या डब्यात एक पोळी जास्त द्या, शेजारणीसाठी.