विचारणाऱ्याची जबाबदारी



बालाघाट जिल्ह्यात भाषेच्या अभ्यासकाला सामग्रीची वाण नाही. लांजी-किरनापूरकडची मराठी, पोवारी, मरारी, लोधी, बैहरकडची गोंडी अशा कितीतरी बोली इथे कानी पडतात. आपल्यापैकी अनेकजण लघुप्रबंधासाठी त्यांचे नमुने गोळा करीत आहात. म्हणून आज मी मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातला एक धडा आपल्यापुढे ठेवतो. संशोधनाची पद्धत आणि संशोधनाची नीती असा तो धडा आहे. साहित्याचे विद्यार्थी पद्धत शिकतात आणि नीती प्रस्तावनेतल्या आभारांवर सोडतात. माझे म्हणणे असे की, या दोन्ही गोष्टी एकत्रच शिकाव्या लागतात.

पद्धतीचा पहिला नियम म्हणजे मिळालेले उत्तर हीच वस्तुस्थिती असे धरून चालू नये. २००१ च्या जनगणनेत पवारी/पोवारी ही मातृभाषा सुमारे ४ लाख २५ हजार लोकांच्या नावे नोंदली गेली. २०११ मध्ये सुमारे ३ लाख २५ हजारांच्या. दहा वर्षांत लाखभर माणसे बोली विसरली का? एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. घरी पोवारी बोलणारा माणूस दारात आलेल्या प्रगणकाला ‘हिंदी’ किंवा ‘मराठी’ असे सांगू शकतो. आपण मोजतो ती उत्तरे असतात, आणि कोण विचारतो यावर उत्तर ठरते.

ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणालाही हे लागू आहे. बायबलातील उधळ्या पुत्राच्या गोष्टीचे भाषांतर प्रत्येक बोलीत मागवले गेले. सगळीकडे मजकूर एकच, म्हणून तुलना सोपी झाली. पण नमुने सरकारी अधिकाऱ्यांमार्फत आले. साहेबासाठी केलेले भाषांतर आणि ओसरीवरचे बोलणे यांत अंतर राहणारच.

अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी हा पेच नेमका मांडला. माणसे कोणी पाहत नसताना कशी बोलतात हे आपल्याला हवे असते, पण पाहिल्यावाचून ते कळत नाही. आपल्या हातात मोबाइल दिसला की आजीबाई शाळेतल्या भाषेत बोलू लागतात. मग मोह होतो तो गुपचूप ध्वनिमुद्रणाचा. तो टाळावा. आधी परवानगी घ्यावी, पुन्हापुन्हा जावे, पहिल्या बैठकीचे बोलणे कच्चे धरावे. वेळ जास्त जातो, पण बोली खरी मिळते.

मुलांच्या बाबतीत तर फारच जपावे लागते. १९३९ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने अनाथालयातील २२ मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना ‘तुम्ही अडखळता’ असे सांगत राहण्यात आले. मुलांना खरा हेतू सांगितला नव्हता. त्यांतली काही बोलायलाच कचरू लागली. प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला आणि विद्यापीठाने माफी मागितली ती २००१ मध्ये. हा प्रयोग कोणा दुष्टाने केला नव्हता. जॉन्सन स्वतः अडखळत बोलत आणि त्यांना त्या व्याधीचे मूळ शोधायचे होते.

इथल्या शाळांत पोवारी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांची भाषा तपासताना हे आठवावे. प्रश्नावलीत ‘अशुद्ध उच्चार’ असा रकाना आखून मुलासमोर खुणा करणे म्हणजे त्याच्यावर शिक्काच मारणे होय. त्या रकान्याला ‘घरचा उच्चार’ म्हणता येते. माहिती तीच मिळते आणि मूल गप्प होत नाही.

संमती म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे. काय विचारणार, कशासाठी, ते कुठे छापले जाईल, हे त्या माणसाच्या बोलीत सांगावे. मुलांसाठी पालकांना विचारावे आणि मुलालाही विचारावे. मधेच ‘पुरे’ म्हणण्याचा हक्क आहे हे आधीच सांगावे. नाव घालायचे की नाही, हे सांगणाऱ्याने ठरवावे. एखाद्याला नाव लपवणे हवे असते, तर एखाद्या कथा सांगणाऱ्या बाईला आपले नाव छापून यावे असे वाटते. आणि काम पुरे झाल्यावर एक प्रत त्या घरी पोहोचवावी, वाचून दाखवावी. ते ‘मी असे म्हटले नव्हते’ म्हणाले, तर दुरुस्ती करावी.

मार्गदर्शकांना माझी विनंती आहे की, लघुप्रबंध तपासताना संदर्भसूचीइतक्याच काटेकोरपणे एक प्रश्न विचारावा: ज्यांच्या तोंडून हे घेतले, त्यांना हे माहीत आहे का?