पंपाच्या सर्किटची आकृती : सॉफ्टवेअर कोणते निवडावे?

(भाजीपाला उत्पादकांपुढे केलेल्या भाषणावरून)



बदलापूर-अंबरनाथ भागात भातानंतर भाजीपाला घेणाऱ्यांचा सारा भरवसा पंपावर. टाकी भरली की पंप बंद करणारे छोटे सर्किट आपल्यापैकी काहींनी उल्हासनगरच्या कारागिराकडून बनवून घेतले असेल. ऐन एप्रिलमध्ये ते बंद पडते, कारागीर दुकान हलवून गेलेला असतो आणि आकृती कोणाकडेच नसते. काकडी काही त्याची वाट पाहत थांबत नाही. म्हणून सर्किट चालू आहे तोवरच त्याची आकृती काढून घ्यावी. घरातील आयटीआयचा मुलगा हे काम करू शकतो.

आधी काय काढायचे ते ठरवा. स्टार्टरची पेटी, म्हणजे कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले आणि तारांची जोडणी दाखवायची असेल, तर क्यूइलेक्ट्रोटेक पुरेसे आहे. ट्रान्झिस्टर-रिलेचे कार्ड असेल तर कीकॅड घ्यावे. दोन्ही मोफत आहेत आणि इंटरनेटशिवाय चालतात.

मोफत आहे म्हणूनच मी कीकॅड सुचवतो असे नाही. ईगल हे सॉफ्टवेअर अनेक वर्षे लोकप्रिय होते. २०१६ साली ऑटोडेस्क कंपनीने ते घेतले आणि ७ जून २०२६ पासून ते बंद करण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. आपली आकृती दहा वर्षांनी उघडली पाहिजे. कीकॅडची सुरुवात १९९२ साली फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर शारास यांनी केली. पुढे सर्न या युरोपीय संशोधन संस्थेनेही त्याला हातभार लावला. त्याची फाईल साध्या मजकुराची असते, त्यामुळे ती एका कंपनीच्या कुलपात अडकत नाही.

कीकॅडमधील तपासणी सुटलेली जोडणी दाखवते. पण तेवढ्यावर विसंबू नका. समजा, १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल ४०० ओहमची आहे. ती ३० मिलिअँपिअर प्रवाह घेते आणि बीसी ५४७ ट्रान्झिस्टर १०० पर्यंत झेपवतो. हिशेब बरोबर, तरी ट्रान्झिस्टर जातो! कॉइलला उलटा डायोड लावलेला नसतो आणि रिले सुटताना उसळणारा दाब त्याला मारतो. आकृती पूर्ण दिसते, म्हणून तपासणी गप्प राहते. असा दोष सर्किट संगणकावर चालवून पाहिल्यावर कळतो. त्यासाठी पवईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाचे ई-सिम आहे (मोबाईलमधले ई-सिम नव्हे). तेही मोफत आहे.

मोटारीच्या बाजूच्या जोडण्या मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्याव्यात.

आकृतीवर तारीख, सुट्या भागांचे क्रमांक आणि केलेले बदल लिहा. एक पीडीएफ फोनमध्ये ठेवा आणि एक छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या दाराला आतून चिकटवा.