शाळेचे दार आणि आपला अर्ज
(दिग्रस येथील सभेत दिलेले भाषण)



१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. इतर मुले शाळा सोडून जातील या सबबीवर मुंबई सरकारने तो नाकारला. त्या मुलाला शाळा मिळाली नाही; परंतु अर्ज लेखी असल्यामुळे प्रकरण विलायतेपर्यंत गेले, आणि सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत, असे १८५८ साली कंपनीच्या संचालकांना सांगावे लागले. एका कागदात एवढे सामर्थ्य असते!

आज कायदा आपल्या बाजूचा आहे. घटनेच्या २१-अ कलमाने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. २००९ च्या कायद्याच्या १२ व्या कलमान्वये खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांस द्यावयाच्या आहेत, आणि आठवीपर्यंत त्यांच्याकडून फी घ्यावयाची नाही. जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना यातून सूट देणारी अधिसूचना राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली. पालक न्यायालयात गेले, आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. हक्क वाचला, तो मागणारे उभे राहिले म्हणून!

कित्येक बांधव मला विचारतात, "वकीलसाहेब, आम्ही धम्म स्वीकारला, आता मुलांच्या सवलती जातील काय?" नाही. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातीचे हक्क १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या कायद्यातच मान्य झाले आहेत. तेव्हा भीतीपोटी धर्म लपवू नका, आणि आळसापोटी दाखला काढावयाचा राहू देऊ नका.

माझ्याकडे आलेल्या एका बापाला शाळेने "जागा नाहीत" असे तोंडी सांगून परत पाठविले होते. त्याच्या हाती ना अर्जाची प्रत होती, ना पोच. प्रवेशाची मुदतही टळून गेली होती. मी त्याला काय देणार? बंधूंनो, तोंडी नकाराला न्यायालयात तोंड नसते!

म्हणून मुदतीत अर्ज करा, पोच घ्या, नकार लेखी मागा. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे १४ वे कलम सांगते. प्रवेशानंतरही मुलाला वेगळे बसविले, हिणविले, तर स्वस्थ बसू नका. ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. अपंग मुलालाही घरी ठेवू नका; तेही या कायद्याच्या वंचित घटकात येते. आणि मुलगी मुलाच्या मागे राहिली, तर तो दोष शाळेचा नसून आपला असेल.

ज्या आईबापांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांचा अर्ज शेजारच्या शिकलेल्या तरुणाने लिहून द्यावा. वंदनेसाठी आपण विहारात जमतोच. प्रवेशाच्या दिवसांत तेथेच एक टेबल मांडा. धारवाडचा तो मुलगा एकटा होता. आपल्या मुलांना एकटे सोडू नका.

जय भीम!