नेट गेलं की आधी वायर बघा

आपल्या बचत गटांच्या कार्यालयांत आता कॉम्प्युटर आलेत. एकावर हिशेबाची वही, दुसऱ्यावर टायपिंग, प्रिंटर दोघांत मिळून एक. ही सगळी यंत्रं एका छोट्या डब्याला वायरीने जोडलेली असतात. त्याला राउटर म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका कॉम्प्युटरवरून हिशेबाची फाईल उघडेना. दुसऱ्या दिवशी बँकेत कर्जाचे कागद द्यायचे होते. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगून टाकलं, "कार्ड गेलं असणार, नवीन घालावं लागेल." न बघता! आम्ही म्हटलं, थांबा, आधी आम्ही बघतो.

पहिला प्रश्न: इंटरनेट गेलंय की आतली जोडणी? इंटरनेट बंद असलं तरी राउटर चालू असेल तर आतल्या आत फाईल उघडते, प्रिंटही निघते. आमचं उलट होतं. मोबाईलवर वायफाय व्यवस्थित, फक्त तो एकच कॉम्प्युटर मुका. म्हणजे बिघाड त्याच्या आसपासच. नळाला पाणी नसेल तर आपण आधी शेजारणीला विचारतो, तुझ्याकडे आहे का? तसंच हे.

मग कॉम्प्युटरच्या मागे वायर जिथे खोचतात तिथे बघायचं. बहुतेक कॉम्प्युटरना तिथे बारीक दिवे असतात. आमच्याकडे एकही पेटत नव्हता. वायर काढून परत खोचली, पण 'टक' आवाज येईना. टोकाची प्लास्टिकची जीभ तुटली होती, म्हणून वायर सैल बसायची. खात्रीसाठी चालू कॉम्प्युटरची वायर याला लावली. दिवे पेटले, फाईल उघडली. कार्ड ठणठणीत होतं, फक्त वायर बदलली.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे लक्षात असू द्या. वायर, राउटरचं भोक आणि सेटिंग एकदम बदललंत तर काय बिघडलं होतं ते कळतच नाही.

आपल्या वसई-विरारच्या किनाऱ्याला, अर्नाळा-भुईगावकडे, खारी दमट हवा असते. खिळा गंजतो तशी वायरीच्या टोकाची पट्टीही खराब होऊ शकते. आणि उंदरांचं तर विचारूच नका! वायर भिंतीकडेने, जमिनीपासून वर न्या. विजा कडाडण्याची चिन्हं दिसली की आधीच प्लग आणि वायर दोन्ही काढून ठेवा, कडकडाट सुरू झाल्यावर हात लावू नका.

दिवा पेटतो पण काम होत नाही, असंही होतं. मग विंडोजमध्ये स्टार्टवर 'सीएमडी' लिहून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजीत 'आयपीकॉन्फिग' सलग लिहून परत एंटर. आयपीव्ही-फोर असं लिहिलेल्या ओळीत एक नंबर दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, कॉम्प्युटरने स्वतःच एक घेतलाय. राउटर बंद करा, अर्ध्या मिनिटाने चालू करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

नंबर ठीक असेल, उदाहरणार्थ १९२.१६८ वाला, तरी फाईल दिसत नाही? तर जिच्यावर फाईल आहे ती मशीन झोपलेली नाही ना, ते बघा. राउटर नवा बसवला असेल तर दोन्हीकडे नेटवर्क 'पब्लिक' झालंय का तेही बघा. तसं असलं की विंडोज दुसऱ्यापासून स्वतःला लपवते. आपल्या कार्यालयात 'प्रायव्हेट' ठेवायचं. बाहेरच्या मोफत वायफायवर मात्र 'पब्लिक'च बरं.

इतकं करूनही जमलं नाही तर दुरुस्तीवाल्याला जरूर बोलवा. पण त्याला सांगा, दिवा पेटतोय की नाही, नंबर कोणता, वायर बदलून पाहिली का. न बघता कार्ड बदला म्हणणं मग त्यालाही जड जातं.

आणि कुणी स्वतःहून फोन करून म्हणाला, "ताई, तुमचं नेट दुरुस्त करतो, हे ॲप घ्या, ओटीपी सांगा," तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर कळवा. हा नंबर राउटरशेजारी भिंतीवर लिहून ठेवा.