फुप्फुसांतील पहारेकरी

१९१८ सालच्या इन्फ्ल्युएंझाच्या सांथीनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्या सांथींत दगावलेल्या कांहीं अमेरिकन रोग्यांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे पुढें तपासण्यांत आले. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणींत, इन्फ्ल्युएंझामागून आलेल्या जंतुजन्य न्युमोनियाच्या खुणा जवळजवळ सर्वांत आढळल्या. पहिल्या चोरानें दार मोडलें व दुसऱ्यानें घर लुटलें, असा हा प्रकार. मग घरचे पहारेकरी होते कोठें?

हे पहारेकरी म्हणजे वायुकोशांत वावरणाऱ्या भक्षक पेशी. श्वासाबरोबर आलेली धूळ व जंतू गिळावयाचे आणि विनाकारण दाह होऊं द्यावयाचा नाहीं, हें त्यांचें नित्याचें काम. शरीराच्या घडणीच्या सर्व आज्ञा, म्हणजे जनुकें, जवळजवळ प्रत्येक पेशींत असतातच. परंतु त्या ग्रंथाचीं कोणतीं पानें उघडून वाचलीं जातात, यावर पेशीचा स्वभाव ठरतो.

इन्फ्ल्युएंझाचा विषाणू आंत शिरला कीं त्याच्या आर.एन.ए.ची चाहूल लागते आणि हें वाचन पालटतें. मिटलेलीं पानें उघडतात. इंटरफेरॉन नांवाचें प्रथिन तयार होऊं लागतें, आणि त्याची हांक पोंचतांच शेजारच्या पेशींत शेंकडों जनुकें जागीं होतात. आयझॅक्स व लिंडेनमान यांनीं १९५७ सालीं लंडन येथें इंटरफेरॉनचा शोध लावला, तोही याच विषाणूवर प्रयोग करीत असतां. विषाणूही गाफील नसतो. त्याचें एन.एस.१ नांवाचें प्रथिन ती हांक दाबूं पाहतें.

हांक वेळेवर उठली व वेळेवर शमली तर रोगी सांवरतो. लांबली तर दाह फुप्फुसासच जाळूं लागतो. उंदरांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, याच धामधुमींत निर्माण होणाऱ्या गॅमा जातीच्या इंटरफेरॉनमुळें भक्षक पेशींची जंतू गिळण्याची शक्ति क्षीण होते. कित्येक पेशी मरतात, व त्यांच्या जागीं रक्तांतून नव्या पेशी येतात. त्यांना जुन्यांचें वळण लागण्यास अवधि लागतो. विषाणू हटला तरी पहारा पूर्ववत् झालेला नसतो.

म्हणूनच ताप उतरला कीं संकट टळलें, असें घरच्यांनीं मानूं नये. उतरलेला ताप पुन्हां चढला, धाप लागली किंवा छातींत दुखूं लागलें, तर तत्काळ डॉक्टरांस दाखवावें. १९१८ सालीं पेनिसिलिन नव्हतें. आज जंतूंवर औषधें आहेत. मात्र तीं वेळेवर मिळालीं पाहिजेत.